दगडाला काय म्हणावं

माझी एक जुनी मैत्रीण वसईची, ख्रिस्ती. पावसाळ्याआधी तिची आई गेली. घराण्याची कबर जुनी. आजी-आजोबा त्याच मातीत. कबर उघडताना वरचा दगड दुभंगला, म्हणून दोन महिन्यांनी नवा घालायचं ठरलं. एका दुपारी तिचा फोन आला तो थेट दगडवाल्याच्या दुकानातून. मागे कटरची किरकिर चालू होती. "तू शब्दांवर लिहितोस ना? मग सांग. हा माणूस अक्षराप्रमाणे पैसे घेतो. जोडाक्षर एक धरायचं की दोन?"

मिस्त्रीचं म्हणणं दोन. तिचं म्हणणं एक. मी फोनवरूनच तडजोड काढली: रेघेखाली जेवढी उभी राहतील तेवढी अक्षरं, वरचा रफार आणि वेलांट्या फुकट. मिस्त्रीने कुरकुरत मान्य केलं. त्या हिशेबाने 'आठवणीसाठी'ची अक्षरं सहा होतात आणि 'स्मरणार्थ'ची चार. संस्कृत स्वस्त पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. मराठी स्मारकांवर 'स्मरणार्थ' आणि 'प्रीत्यर्थ' यांची एवढी गर्दी का, याला भाविकपणाखेरीज हेही एक कारण असावं असा माझा दाट संशय आहे.

पण तिचं खरं भांडण अक्षरांचं नव्हतंच. मिस्त्रीने पावतीवर लिहिलं होतं, 'थडग्याचा दगड, नग १'. ती उसळली. "आईचं थडगं म्हणे! खोडायला लावलं मी." मग काय लिहिलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नुसतं 'दगड'."

'थडगं' हा शब्द खोटा नाही, शिवीही नाही. कोशात तो निमूट बसलेला असतो. तरी आपल्या माणसासाठी तो कोणी वापरत नाही. थडगं असतं परक्याचं, इतिहासातल्या कुणाचं, कधी शत्रूचं. जुनी भांडणं काढणाऱ्याला आपण 'थडगी उकरू नकोस' म्हणतो. 'समाधी उकरू नकोस' असं म्हणून पाहा, जीभ अडखळेल. संताचं थडगं झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. या शब्दाला नदीच्या 'थडी'शी जोडायचा मोह होतो, कारण मसण बहुधा नदीच्या थडीलाच असतं. पण कानाला पटलं म्हणजे नातं सिद्ध झालं असं शब्दांच्या बाबतीत धरून चालत नाही. निम्मी चुकीची व्युत्पत्ती अशा कानामुळेच जन्माला येते.

मैत्रिणीच्या त्या उसळण्याने मला एक नाद लावला. मेलेल्या माणसाच्या जागेला मराठीत जे जे म्हणतात ते शब्द मी वहीत मांडत गेलो, आणि एकेक फोडून पाहताना लक्षात आलं की त्यांतला जवळजवळ एकही शब्द 'इथे मेलेलं माणूस आहे' असं सांगत नाही. कुणी छत्री म्हणतो, कुणी बाग म्हणतो, कुणी उंबरा. थडगं तेवढं सरळ बोलतं, म्हणून ते नकोसं.

पहिला मान 'समाधी'चा. संस्कृतात सम् + आ + धा, म्हणजे चित्त गोळा करून एका जागी नीट ठेवणं. पतंजलीच्या अष्टांगयोगातलं ते आठवं अंग. म्हणजे मुळात ही मनाची अवस्था. तिची जागा झाली ती संन्यासी आणि योगी यांच्यामुळे. त्यांना दहन नाही. बसल्या आसनी पुरायचं. ते मेले नाहीत, समाधीत बसले आहेत, हा भाव. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. 'घेतली' हे क्रियापद पाहा. त्या वाक्यात समाधी अजून अवस्था आहे. 'आळंदीला समाधीचं दर्शन घेतलं' म्हणताना मात्र ती दगडाची झालेली असते. एकाच गावात, एकाच माणसाच्या संदर्भात, एकच शब्द दोन्ही अर्थांनी वावरतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. वाटेत तिने लिंगही बदललं: संस्कृतात 'समाधि' पुल्लिंगी, मराठीत स्त्री.

पुढे हा शब्द इतका पसरला की पुरण्याची अटही गळाली. शिवाजी महाराजांचं दहन रायगडावर झालं, त्या जागेवरच्या बांधकामाला आपण समाधीच म्हणतो. दिल्लीला राजघाटावर गांधीजींचं दहन झालं, तीही समाधी. मला यात शब्दाची घसरण दिसत नाही. 'बसला आहे' ही कल्पना लोकांना सोडवत नाही, एवढंच.

मग ज्यांचं दहन होतं आणि ज्यांच्यासाठी कोणी चौथरा बांधत नाही, त्या तुमच्या-आमच्या माणसांचं काय? हिंदूंमध्ये दगड नसतो असं मी मैत्रिणीला सहज बोलून गेलो होतो. फोन ठेवल्यावर आठवलं की मी स्वतः एक दगड दहा दिवस सांभाळला आहे.

वडील गेले तेव्हाची गोष्ट. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन सरणाला फेऱ्या घालतात. प्रत्येक फेरीला मागून एकजण खड्याने मडक्याला भोक पाडतो. तो खडा फेकायचा नसतो. गुरुजींनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हरवू नका. दहाव्यापर्यंत हेच वडील." त्याला ते 'अश्मा' म्हणत होते, माझी चुलती 'जीवखडा' म्हणत होती. लिंबाएवढा, काळपट, एका बाजूने टवका उडालेला. घरात आणायचा नाही म्हणून फडक्यात बांधून अंगणातल्या पेरूच्या बेचक्यात ठेवला. रोज त्यावर तिळाचं पाणी. रात्री वारा सुटला तेव्हा मी टॉर्च घेऊन तो आहे ना, हे बघून आलो होतो. कुणाला सांगितलं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, आणि खडा नदीत सोडला. हातातून सुटताना त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

म्हणजे दगड आहे. फक्त तो दहा दिवसांचा आहे, आणि त्यावर अक्षर नाही.

'जीवखडा' हा शब्द मी त्यानंतर बराच काळ मनात घोळवत होतो. जीव आणि खडा. पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकात 'जीवाश्म' असतो: जीव आणि अश्म. खडकात सापडलेलं शिंपलं किंवा हाड. दोन्ही शब्दांचे घटक तेच. एक पंडिताने घडवला, एक माझ्या चुलतीच्या तोंडात होता. एकात जीवाचा दगड झालेला, दुसऱ्यात दगडाचा जीव.

आणि हा अश्म आणखी एका ठिकाणी दडलेला असू शकतो. 'श्मशान' या शब्दाची फोड यास्काने निरुक्तात 'श्म-शयन' अशी केली आहे. श्म म्हणजे शरीर, ते जिथे झोपतं ती जागा. काही आधुनिक अभ्यासकांनी त्याऐवजी 'अश्म-शयन' सुचवलं: दगडाची शेज. कुठलीही घ्या, झोपणं दोन्हीत आहे. मराठीने त्याचं 'मसण' केलं, मसणवटा केला, आणि 'मसणात जा' म्हणून त्याची शेजही काढून घेतली. इंग्रजीतल्या 'सेमेटरी'च्या आणि पोर्तुगीज 'सेमितेरिओ'च्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचाही अर्थ झोपायची जागा असाच. कोकणीत मात्र कबरीला 'फोंड' म्हणतात, म्हणजे खड्डा. इतकं थेट बोलण्याची हिंमत आमच्यात नाही.

आता एक अपवाद, आणि तोच मला सगळ्यांत आवडतो: वीरगळ. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत मारुतीच्या देवळामागे, वेशीपाशी, पिंपळाच्या पारावर तो उभा असतो. गुडघाभर ते पुरुषभर उंचीचा, चौकटीत कोरलेला दगड. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खाली लढाई आणि पडलेला वीर. गाईंसाठी लढून मेला असेल तर गाईही. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेताहेत. वरच्या चौकटीत तो हात जोडून शिवलिंगापुढे बसला आहे. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. नाव मात्र बहुतेक दगडांवर कोरलेलंच नाही.

मराठी कानाला यातला 'गळ' भलतीकडे नेतो. मासे धरायचा गळ आठवतो, गळा आठवतो, वीराने गळा कापून घेतला असेल अशी कथाही कुणी रचतो. शब्द कानडी आहे. कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड. समासात क चा ग होऊन 'वीरगल्लु'. तमिळमध्ये अशा दगडाला 'नडुकल' म्हणतात, रोवलेला दगड. त्यातलाही 'कल' तोच. म्हणजे ज्या एका शब्दात आपण 'दगड' असं स्पष्ट म्हणतो तो आपल्याला कळतच नाही. शेजारच्या भाषेतून घेतल्यामुळे त्याचं थेटपण झाकलं गेलं. वीरगळाच्या शेजारी कधी 'गधेगाळ' उभा असतो. त्यातला गाळ मात्र वेगळा, शिवीचा: दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्रासकट दिलेली गाळी. सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला, चुडा भरलेला हात असतो. त्याला शब्दाची गरजच पडत नाही.

मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळांची एक रांग आहे. त्यांतल्या काहींवर चक्क वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे, आणि तेराव्या शतकातल्या यादव-शिलाहार संघर्षाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. आज सभोवार इमारती. खेड्यांतून तर वीरगळाची आणखी गंमत. लोक त्याला वीर म्हणतात, म्हसोबा म्हणतात, शेंदूर फासतात, नारळ फोडतात. लढून मेलेला शेतकरी दहा पिढ्यांत देव झाला, हे त्याच्या दगडावर वरच्या चौकटीत आधीच लिहून ठेवलं होतं म्हणायचं.

दगडावर नाव घालायची हौस आपल्याकडे किती जुनी, याचं उत्तर भाज्याच्या लेण्यांत आहे. तिथे चौदा स्तूपांचा एक घोळका आहे, काही गुहेच्या आत, काही बाहेर. काहींवर ब्राह्मी अक्षरांत थेरांची, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्खूंची, नावं आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. जोडीला शब्द 'थूप'. दोन हजार वर्षं होत आली. त्या मिस्त्रीने अक्षराला काय घेतलं असेल कोण जाणे. प्राकृतात जोडाक्षरं फारशी नसल्याने भांडण तरी झालं नसेल. 'स्तूप' शब्दाचा अर्थ ढीग, रास. आणि 'चैत्य' हा 'चि' धातूचा, रचणे या अर्थाचा. 'चिता' त्याचीच सख्खी बहीण. दादरला ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचं दहन झालं, त्या जागेला चैत्यभूमी म्हणतात तेव्हा चिता आणि चैत्य पुन्हा एका जागी येतात. इतकं नेमकं नाव क्वचित सापडतं.

छत्री आणि वृंदावन हे दोन शब्द मराठेशाहीचे लाडके. राजाच्या डोक्यावर जिवंतपणी छत्र; मेल्यावर त्याच्या दहनाच्या जागेवर दगडी छत्री. पुण्यात वानवडीला महादजी शिंदे १७९४ मध्ये वारले, तिथली शिंदे छत्री पाहायला बाहेरगावचे लोक येतात, आणि पावसाळ्यात आपापल्या छत्र्या तिथल्या पायऱ्यांवर मिटतात. थेऊरला थोरल्या माधवरावांच्या पाठोपाठ १७७२ मध्ये रमाबाई सती गेल्या. त्यांच्या स्मारकाला वृंदावन म्हणतात. वृंदेचं, म्हणजे तुळशीचं वन. अंगणातल्या चौकोनी वृंदावनासारखा आकार, म्हणून हे नाव. मला त्या जागी तुळस म्हणवत नाही. पण शब्द मी ठरवलेला नाही.

फारसी-अरबीने आपल्याला या प्रांतात भरभरून दिलं. 'मयत' तर इतकं आपलं झालं की सोवळ्यातला माणूसही मयतीला जातो. 'कबर' अरबी, 'मकबरा' तिचाच. पण 'मजार'चा अर्थ भेटायची जागा. 'जियारत'च्या कुळातला तो. 'दर्गा' फारसी: दार, दरबार, उंबरठा. आणि 'रौजा' म्हणजे बाग. खुलदाबादचं जुनं नाव रौजा, सूफींच्या कबरींचं गाव. औरंगजेब तिथे साध्या उघड्या कबरीत आहे, मलिक अंबरही तिथेच. औरंगजेबाला मरणोत्तर 'खुल्दमकान' म्हणू लागले, ज्याचं घर अमर स्वर्गात आहे असा. त्यावरून गावाचं नाव खुलदाबाद. बागेचा स्वर्ग झाला, पण कबरस्तान कुणी म्हटलं नाही.

मैत्रीण गेली होती त्या दगडवाल्याच्या दुकानात दगडाची निवडही शब्दांतूनच चालली होती. शहाबादी, कडप्पा, कोटा: दगड नव्हे, गावंच मांडून ठेवलेली. तिच्या भावाला संगमरवर हवा होता. त्यातला 'संग' फारसी, म्हणजे दगड, सत्संगातला नव्हे. मैत्रिणीला काळा ग्रॅनाइट, कारण पांढऱ्यावर वसईच्या पावसात शेवाळ धरतं. शिळा म्हणून एक शब्द आपल्याकडे आहे, पण तो कोनशिलेत आणि शिलालेखातच शोभतो. एकटा उभा केला की कालचा भात आठवतो. तो 'शिळा' निराळा, 'शीतल'वरून आलेला, पण कानाची सवय वाईट. चांगला मराठी शब्द 'चिरा'. कोकण-गोव्यात जांभ्याच्या खाणीतून चिरून काढलेला, कडा धरलेला तो चिरा. त्याच चिऱ्याचं घर, त्याचीच विहीर. बा. भ. बोरकर गोव्याचे, म्हणून 'तेथे कर माझे जुळती'त त्यांनी स्मारकासाठी नेमका हाच शब्द घेतला आणि पणतीशेजारी बसवला. देशावरच्या कवीला तो सुचला असता की नाही, शंका आहे.

नावापुढे काय लावायचं यावर बहीण-भावांचं पुन्हा वाजलं. आपल्याकडे मेलेला माणूस मरत नाही, पत्ता बदलतो. शैव असला तर कैलासवासी, वारकरी असला तर वैकुंठवासी; 'कै.' आणि 'वै.' एवढ्या दोन टिंबांत त्याचं घराणं कळतं. मग याच साच्यातून मराठी वर्तमानपत्रांनी 'पैगंबरवासी' आणि 'ख्रिस्तवासी' काढले. मुसलमान माणूस स्वतः 'मरहूम' म्हणेल, ज्याच्यावर दया झाली आहे असा. त्यात वास्तव्याचा संबंध नाही. लिंगायत 'लिंगैक्य' म्हणतात, त्यात पत्ताच विरघळून गेला. बौद्ध 'कालकथित' लिहितात. पालीत 'कालकत', ज्याने आपला काळ पुरा केला तो. मराठीत येताना त्याला 'कथित' चिकटलं आणि अर्थ थोडा बावरला. तरी 'वासी'च्या रांगेत न बसणारा हा शब्द मला भारदस्त वाटतो.

भावाला 'ख्रिस्तवासी' हवं होतं. अक्षरं चारच, म्हणून मिस्त्रीचीही हरकत नव्हती. मैत्रीण म्हणाली, आईला हा शब्द कुणी वाचून दाखवला असता तर तिने 'कोण बाई ही?' असं विचारलं असतं.

तोडगा जुन्या दगडाने काढला. त्याचे दोन तुकडे अजून कबरीपाशीच पडले होते. भावाने घासून धुतले तेव्हा आजीच्या नावाखाली टाकीने खोदलेली एक ओळ वर आली: 'येथे निजली आहे.' अक्षरं वाकडी, 'आहे'ला जागा पुरली नाही म्हणून तो खाली ढकललेला. ना समाधी, ना चिरनिद्रा. घरात दुपारी कुणी विचारलं तर जे उत्तर मिळेल तेच.

नव्या ग्रॅनाइटवर आईचं नाव, दोन तारखा, आणि 'येथे निजली आहे' एवढंच घातलं. सात अक्षरं, जोडाक्षर एकही नाही. जुन्या दगडाचे तुकडे तिने टाकू दिले नाहीत. पायथ्याला बसवून घेतले.

तुमच्या गावात वीरगळ असेल, घराण्याची समाधी किंवा कबर असेल, तर तिथे लोक त्या दगडाला कोणता शब्द वापरतात तो मला जरूर कळवा. आणि पुढच्या जत्रेला देऊळ रंगवायला घेण्याआधी त्या दगडाचा एक फोटो काढून ठेवा. ऑइलपेंटखाली गेलेली अक्षरं पुन्हा वाचता येत नाहीत.